दाजींचा प्रतिदावा

कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात त्यांना सगळेच दाजी म्हणत. शिपाई म्हणे, फीच्या खिडकीतली बाई म्हणे, खाली जिन्याशी मशीन मांडून बसणारा टायपिस्ट म्हणे. त्यांच्या स्वतःच्या वकीलबाईसुद्धा 'माझे अशील' असं सुरू करून दुसऱ्याच वाक्यात 'दाजी'वर यायच्या. आणि गंमत अशी की हे नाव कोर्टात आणलं कोणी, तर ज्याने त्यांच्यावर दावा ठोकला त्यानेच. वादी हा दाजींच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायची सवय त्याच्या जिभेवर पक्की बसलेली. दावा लावला म्हणून ती थोडीच सुटणार? जबानीच्या दिवशी त्याने भर कोर्टात बोट दाखवून सांगितलं, "साहेब, दाजी धादांत खोटं बोलतायत." साहेबांनी विचारलं, "दाजी कोण?" तेव्हा अख्खं कोर्ट हसलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

दाजी चौकटी करत. लोकांचे लग्नातले फोटो, पदव्या, कोणाच्या आजोबांचा मिशीवाला चेहरा, कोणाच्या मुलीने काढलेली वाकडी बदकं. जे येईल ते काचेखाली घालून भिंतीवर टांगण्याजोगं करून द्यायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. कोपरा नीट जुळला नाही तर गिऱ्हाईक दारात उभं असतानाच ते चौकट मोडून पुन्हा करायला घेत, मग त्याची गाडी चुको नाहीतर आणखी काही होवो. भुवयांत कायम लाकडाचा भुसा. बोलणं तुसडं. "उद्या या" हे त्यांचं सगळ्यांत प्रेमळ वाक्य. पण एखादी म्हातारी कडा झिजलेला जुना फोटो पदराआडून काढायला लागली की तिच्याकडून काचेचे पैसे घ्यायला ते हमखास विसरत, आणि ती गेल्यावर स्वतःवरच चरफडत बसत. बायको म्हणायची, "तुमचा राग म्हणजे दुधावरची साय, फुंकर मारली की बाजूला." तिला ती फुंकर मारता यायची. बाकीच्यांना नाही.

मेहुणा दुसऱ्याच मुशीतला. त्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. पितळी वजनांची पेटी हातात धरून दुकानोदुकानी हिंडायचं आणि काटा केसभर जरी एका बाजूला झुकला तरी दुकानदाराला चारचौघांत फैलावर घ्यायचं. लग्न केलं नाही. मुली पाहिल्या, पण प्रत्येक मुलगी कशात ना कशात कमी भरली असं तो सांगे; "उलटं झालं असेल," असं त्याची बहीण सांगे. तिच्यामुळे त्याला सगळे बंधू म्हणत.

घर मूळचं सासऱ्यांचं. पुढे दुकान, मधे राहायची जागा, मागे एक खोली. सासऱ्यांनी शेवटची वर्षं लेकीकडून सेवा करून घेतली आणि घर तिच्या नावावर केलं. बंधूचं म्हणणं असं, की मागची खोली बाबांनी तोंडी मला दिली होती. आता तोंडी दिलेल्या गोष्टीला साक्षीदार म्हणजे ज्याने दिली तो आणि जिच्यासमोर दिली ती, आणि दोघंही आता नव्हते. बंधूची ही ताई, दाजींची बायको, गेली त्यानंतर थोड्याच दिवसांनी बंधू दुकानात येऊन उभा राहिला आणि खोलीचं काय ते विचारलं. त्याला खोली नको होती, त्या घरात पाय ठेवायला काहीतरी हक्क हवा होता, हे आपल्याला आता निवांत बसून कळतं. दाजींना त्या दिवसांत काहीच कळण्याजोगं नव्हतं. ते म्हणाले, "ती गेली, तुझं इथलं नातं संपलं." मेहुणा पांढराफटक पडला. "ठीक आहे," म्हणाला, "मग आता कोर्टातच भेटू."

आणि खरोखरच ते कोर्टात भेटत राहिले.

पहिल्या मजल्यावर त्यांच्या कोर्टखोलीबाहेर बाक एकच. बाकीचे मोडून गेले होते आणि नव्यांची मागणी कुठल्यातरी टेबलावर पडून होती. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी यांना एकाच बाकावर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्या काही तारखा दोघांनी पाठ फिरवून काढल्या. मग एकदा पुकारा लवकर होईना, उकाडा म्हणजे उकाडा, तेव्हा बंधू भिंतीकडे बघत म्हणाला, "ताईला असा उकाडा सोसायचा नाही."

"पाय भिजवून बसायची बादलीत," दाजी दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाले.

तिथून सुरू झालं. मग दर तारखेला हाच कार्यक्रम. बाहेर रस्त्यात समोरासमोर आले तर ओळख नाही. कोर्टाबाहेर बोलणं म्हणजे हार पत्करणं, असा दोघांचा न बोलता ठरलेला नियम. पण त्या बाकावर बसलं की तोंडं सुटायची.

"रागावली की ताई गायची, आठवतं?"

"गायची? भांडी घासायची. घासलेली पुन्हा घासायची."

"ते तुमच्याकडे आल्यावर. आमच्याकडे गायची, मोठ्याने. बाबा म्हणायचे, हिला जरा चिडवा रे, गाणं ऐकू."

दाजींना हे ठाऊकच नव्हतं. अख्ख्या संसारात त्यांनी बायकोला मोठ्याने गाताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले ते जणू कोणी मोठं घबाड हाती दिल्यासारखे. बंधूकडे तिचं लहानपण होतं, दाजींकडे तिचा संसार, आणि दोघांना दुसऱ्याकडचा भाग हवा होता. मुलगी दूरच्या गावी, तिच्या नोकरीत आणि पोराबाळांत. शेजारीपाजारी ताईचं नाव काढायला बिचकत, दाजींना त्रास होईल म्हणून. तिच्याविषयी मन भरून बोलावं असा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याने दाजींवर केस केलेली होती.

पुकारा झाला की दोघं आत जाऊन एकमेकांविरुद्ध तावातावाने उभे राहत. कधी वकील आजारी, कधी साहेबांची बदली, कधी कागद सापडत नसे. तारीख मिळे. तारीख ऐकताना दाजी खूप वैतागल्याचा चेहरा करत, आणि घरी आल्यावर कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती पेन्सिलीने एक नेटकी चौकट काढत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना फीचे नवे दर आले.

खालच्या फलकावर एक लांबलचक कागद लागला आणि त्याच्यापुढे ही गर्दी. आजवर फी एकदाच, दावा दाखल करताना; त्यानंतर माणूस मरेपर्यंत तारखा घेतल्या तरी कोणी काही मागत नसे. आता म्हणे दर सुनावणीची वेगळी फी. ती वादीने तारखेच्या आधी भरायची. भरली नाही तर दावा आपोआप बंद, पुकारासुद्धा नाही. आणि पहिल्याच सुनावणीत तडजोड झाली तर भरलेली फी परत. व्हरांड्यात जो तो वकिलाच्या अंगावर धावून जाऊ लागला. एक बाई जोरजोराने म्हणत होत्या, "माझ्या सासूबाई ही केस मला देऊन गेल्या, आता मी ती पैसे भरून चालवू?" वकीलमंडळी हात वर करून मोकळी झाली. शिपायाने दाजींना कोपराने ढोसलं, "तुमची मजा आहे, दाजी. प्रतिवादीला काही नाही." दाजींनीही चष्मा लावून कागद वाचला, आपल्याला काही भरायचं नाही एवढं पाहून घेतलं आणि खूश होऊन घरी गेले. पुढचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

ते डोक्यात आणून दिलं वकीलबाईंनी. वकीलबाई वयाने त्यांच्या मुलीहून लहान. त्यांच्या पदवीची चौकट दाजींनीच करून दिली होती आणि बहुतेक तेव्हापासूनच दाजींचं वकीलपत्र त्यांच्याकडे होतं. त्या दुकानात शिरल्या त्याच हसत.

"दाजी, हातातलं खाली ठेवा. आनंदाची बातमी आहे."

दाजी काच कापत होते. हातातलं खाली ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बोला."

"तुमच्या मेहुण्यांनी फी भरली नाही. मुदत संपत आली. त्यांच्या वकिलालाही सांगितलंय म्हणे, भरायची नाही म्हणून. दावा बंद होणार! खोली तुमची. जिंकलात!"

काच वाकडी फुटली. इतक्या वर्षांत अशी वाकडी काच दाजींच्या हातून कोणी पाहिली नव्हती.

"म्हणजे तारीख?"

"तारीख कसली आता? सुटलात तुम्ही त्या जिन्यातून."

रात्री मुलीचा फोन आला. वकीलबाईंनी तिलाही कळवलं होतं. तीही आनंदात. "बाबा, सुटलात एकदाचे!" हे सुटलात सुटलात दाजींना ऐकवेना. त्यांनी आडून आडून विचारलं, मामा कसा आहे, तुला काही कळलं का.

"तुम्हीच फोन करा ना मामाला."

"मी? दावा त्याने लावला."

"आता दावा नाही ना?"

"मग दावा नाही तर बोलायचं कशावर?" दाजी ओरडले, आणि लगेच वरमून हळूच म्हणाले, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून दाजी कोर्टात गेले, तारीख नसताना. फीची खिडकी इतकी खाली बसवलेली की भल्याभल्यांना तिच्यापुढे वाकावं लागे. आत स्वेटर घातलेली बाई. नव्या दरांचं कोष्टक तिने काचेवर आतून चिकटवलं होतं, म्हणजे लोकांना ते उलटं दिसे आणि तिला सुलटं. सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन ती अगदी टेकीला आली होती. दाजींना पाहून तिला बरं वाटलं.

"दाजी, तुम्ही इकडे कुठे? तुम्हाला फी नाही."

"माझी नाही. मेहुण्याची. सुनावणीची. घ्या."

बाईने चष्मा वर केला. "तुमच्यावरचा दावा चालू राहावा म्हणून तुम्ही फी भरताय?"

"मोठ्याने नका बोलू."

"इतकी वर्षं खिडकीत बसते, असं गिऱ्हाईक नाही बघितलं हो." बाईला हसावं की काय करावं कळेना. "पण नाही घेता येत, दाजी. वादीची सही लागते."

"ती कुठून आणू? त्याच्याशी मी बोलत नाही."

"मग मी तरी काय करू? हे मशीनच घेत नाही बघा. प्रतिवादीच्या नावापुढे एकच रकाना उघडतो, प्रतिदाव्याचा."

"तो काय असतो?"

मागच्या रांगेतून आवाज येऊ लागले. बाईने मागच्यांना एक जळजळीत नजर दिली आणि दाजींना समजावून सांगितलं. तुमचंही वादीकडे काही येणं असेल, वस्तू असेल, तर तुम्ही त्याच दाव्यात उलट मागणी करायची. मूळ दावा बंद झाला तरी तुमचा वेगळा चालतो. त्याला नोटीस जाते, तारीख पडते.

"तारीख पडते?"

"पडते की. फी मागणीवर. छोटी मागणी, छोटी फी."

दाजी खिडकीपुढून हलले ते थेट टायपिस्टापाशी. टायपिस्टाने कागद चढवला, वरचं नावगाव ठोकलं आणि बोटं उचलून थांबला. "मागणी काय लिहू?"

आली का पंचाईत! दाजी जिन्याच्या पायरीवर बसून विचार करू लागले. बंधूकडे आपलं काय आहे? तो माणूस असा, की मागून नेलेला खिळासुद्धा सरळ करून परत आणून द्यायचा. उलट येताना तोच हातात काही ना काही घेऊन यायचा. बायकोच्या आजारपणात तर दाजींनी दवाखान्याखेरीज कुठे बघितलंच नव्हतं. घरात धान्य कोणी भरलं, दिवे कोणी लावले, याचा पत्ता नव्हता. हे सगळं आठवलं आणि दाजी मनातल्या मनात इतके ओशाळले की प्रतिदावा तिथेच सोडून उठणार होते. पण प्रतिदावा सोडला तर बंधूही सुटत होता. आणि तेवढ्यात आठवलं.

"शिडी!"

"शिडी?"

"लाकडी. मागच्या खोलीला रंग देऊन झाल्यावर त्याने स्वतःच्या घरी रंगवायला नेली होती. मग ही आजारी पडली, आणि राहिलीच त्याच्याकडे."

टायपिस्टाची बोटं चालू लागली. "'सदर शिडी प्रतिवादीने वारंवार मागूनही वादीने परत केली नाही...'"

"मी कधीच मागितली नाही."

"असं लिहावं लागतं, दाजी. नाहीतर कोर्ट विचारतं, मग आलात कशाला?"

"बरं लिहा. पण वारंवारच्या जागी 'प्रेमाने' लिहा."

टायपिस्टाने वारंवारच ठेवलं.

वकीलबाई सही करताना कपाळावर हात मारून घ्यायच्याच बाकी राहिल्या. "जिंकलेली केस आहे दाजी, आणि तुम्ही शिडीसाठी भांडताय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," दाजी खोटं बोलले.

वकीलबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. भुवयांतला भुसा, पडलेला चेहरा, घट्ट आवळलेले ओठ. मग सही केली. "या शिडीने माझं फार नाव होणार आहे," एवढंच म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी दाजी ठेवणीतला कोट घालून लवकर जाऊन बाकावर बसले. अर्धा बाक मोकळा सोडून. माणसं येत होती, जात होती, कोणी त्या मोकळ्या जागेवर टेकायला आलं की दाजी "माणूस येतोय" म्हणत. माणूस काही येईना. वकीलबाईंनी येऊन सांगितलं, मेहुणे आले नाहीत तर काळजी नको, एकतर्फी हुकूम होईल, शिडी आणून द्यावीच लागेल. दाजींनी मान हलवली. शिडी मिळेल आणि माणूस जाईल, एवढंच त्यांना दिसत होतं. आपण काय करून बसलो! एका चांगल्या माणसाला शिडीचोर ठरवणारी नोटीस धाडली. तो आता कशाला येतोय?

एवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला.

"अहो वर नेता येणार नाही!"

"का नाही? तुमच्याच कोर्टाने मागवलीय. हा बघा कागद!"

"कोणाला लागली तर?"

"मग लांब उभे राहा!"

तो आवाज ऐकून दाजींचा जीव भांड्यात पडला. आधी शिडीचं टोक आलं, मग हात झटकत, त्याला अडवत शिपाई आला, आणि मग घामाघूम झालेला बंधू. वाळला होता. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्याने शिडी भिंतीला लावली, मोकळ्या ठेवलेल्या जागेवर बसला आणि समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाला, "शिडी! तोंडाने मागितली असती तर दिली नसती?"

"तोंडाने बोलतो का आपण?" दाजी आपल्या भिंतीला म्हणाले.

तेवढ्यात पुकारा झाला.

जजबाई नव्या होत्या, कामाचा उरक असलेल्या. त्यांनी आधीच्या दाव्यावर फी न भरल्याचा शेरा पाहिला, तो बंद केल्याचं सांगितलं आणि प्रतिदावा उघडला. वाचून त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "मागणी मान्य आहे?"

"मान्य," बंधू ताठ मानेने म्हणाला. "बाहेर आणून ठेवलीय. मोजून घ्या पायऱ्या."

"छान. मग वाद संपला."

"नाही!" दाजी इतक्या जोरात म्हणाले की वकीलबाई दचकल्या. "बाई, ही माझी शिडी नव्हे."

"काय?" बंधू गर्रकन वळला.

"माझ्या शिडीची एक पायरी सैल होती. लचकायची. हिची एकही लचकत नाही."

"मी बसवली ती!" बंधूच्या अंगाचा तिळपापड झाला. "पितळी स्क्रू घालून! माणूस पडेल एक दिवस, याची शुद्ध नाही, आणि वर म्हणतात माझी नव्हे!"

जजबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची तक्रार अशी, की यांनी शिडी चांगली करून परत दिली?"

मागे कोणीतरी फिस्स केलं. दाजी कोटाच्या गुंडीशी चाळा करू लागले. "तक्रार म्हणजे... तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. वेळ लागला तरी चालेल. पुढची तारीख द्यावी, अशी विनंती."

जजबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माणूस समजायला त्यांना वेळ लागत नसावा, पण समोर प्रकरणांचा ढीग होता आणि शिडीला तारीख देण्याची सोय नव्या-जुन्या कुठल्याच नियमात नव्हती. "पहिल्याच सुनावणीत निकाल लागला, फी परत मिळेल. खिडकीवर जा," त्या म्हणाल्या आणि मायेने पुढे जोडलं, "दोन्ही प्रकरणं संपली, आजोबा. आता तुम्हाला इथे यायची काही गरज नाही."

दाजी बाहेर आले आणि सवयीने बाकावर बसले. बंधूही बसला. बसण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं. शिपाई दुसऱ्याच कोणाचा पुकारा करत होता.

"फी का भरली नाहीस?" दाजींनी विचारलं. आज भिंतीला नाही, त्यालाच. "अडचण होती का?"

"अडचण कसली." बंधू बुटांकडे बघत होता. "मागल्या तारखेला तुम्ही जिना चढून आलात आणि कितीतरी वेळ तुमच्याने बोलवेना. मग म्हणालात, बंधू, हा जिना एक दिवस माझा जीव घेणार. घरी गेलो, जेवण गेलं नाही. ताई असती तर म्हणाली असती, बंधू, माझ्या माणसाला जिने चढायला लावतोस? म्हटलं, खोली गेली तर गेली."

असं काही आपण बोललो हे दाजींना आठवतच नव्हतं. जिन्याला, उन्हाला, कोर्टाला, खिळ्यांना, काचेला ते दिवसभर नावं ठेवतच असत. त्यातलं एखादं वाक्य कोणी घरी घेऊन जाईल, त्याने कोणाचं जेवण राहील, असं त्यांच्या मनातही येत नसे.

"अरे गाढवा," ते म्हणाले. "जिना चढलो नाही तर तू मला दिसणार कुठे?"

आणि दाजी रडायला लागले. भर व्हरांड्यात, ठेवणीतल्या कोटात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. बंधूने खिशातून वजनं पुसायचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं, मग दुसरं काही न मिळाल्याने स्वतः कोटाच्या बाहीला डोळे पुसले.

शिपाई बराच वेळ दुसरीकडे बघत उभा राहिला. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "दाजी, शिडी इथे नाही ठेवता येणार हो."

येताना हातगाडीवाल्याने जिन्यापर्यंत सोबत केली होती, आता तो गेला होता. एकट्याने ती शिडी गर्दीतून घरापर्यंत नेणं शक्य नव्हतं. बंधूने पुढचं टोक उचललं, दाजींनी मागचं. टायपिस्टाने मशीन बाजूला ओढून वाट करून दिली आणि खिडकीतली बाई फी परत न्यायला हाका मारत राहिली, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

रस्त्यात हे दोघे कधी बोलत नसत. पण मधे शिडी असल्यावर न बोलून चालतं? "डावीकडे घे." "खांब आहे, दाजी, थांबा." "अरे हळू, मी म्हातारा आहे." "मी काय तरुण आहे?" चांभाराच्या टपरीशी वळण घेताना शिडीने एकाचं छत्र्यांचं दुकान जवळजवळ लोळवलं, तेव्हा दोघांनी मिळून त्या छत्रीवाल्यालाच झापलं. पुढे एका वाण्याने दारातून हाक मारली, "काटेवाले, धंदा बदलला का?" आणि बंधू म्हणाला, "दाजींचं सामान पोचवतोय."

दुकानाचं कुलूप काढून दाजी आत शिरले. शिडीचं अर्धं अंग आत आलं आणि थांबलं. बंधू उंबऱ्याबाहेर उभा होता.

"इथेच टेकवू?"

"इथे जागा कुठे आहे? मागे ने."

पट्ट्यांच्या, काचांच्या अंगावरून जपत, मधल्या घरातून ते मागच्या खोलीत आले. निकाल लागेपर्यंत खोलीतलं काही हलवायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, आणि दाजींनी तो अक्षरशः पाळला होता. खाट तिथेच, खिडकीजवळचं स्टूल तिथेच. दर आठवड्याला ते झाडून घेत, एवढंच. भिंतीवरचा रंग बंधूने दिलेला होता. शिडी भिंतीशी आडवी ठेवून झाली. बंधू खिडकीपाशी गेला, बाहेर पाहिलं, हात चोळले, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "येतो मी, दाजी."

दाजी वाकून शिडीचे पितळी स्क्रू चाचपत राहिले.

दारापर्यंत जाऊन बंधू वळला. "आता..." त्याला नीट विचारता येईना. "आता तारीख कोण देणार?"

"तारीख कसली?" दाजी एकदम खेकसले, गिऱ्हाइकांवर खेकसत तसेच. "जातोस कुठे? तुझी खोली आहे ना ही?"

बंधू उभाच राहिला. मग त्याने कोट काढला आणि दारामागच्या खुंटीवर टांगला.